खोलीत कोंडल्याने दारू सुटत नाही

‘चार दिवस खोलीत कोंडा, दारू आपोआप सुटेल’ हा सल्ला खानदेशात पिढ्यानपिढ्या दिला जातो. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, की 6 ते 24 तासांत हात इतके थरथरतात की बशीतला चहा ओठांपर्यंत पोहोचत नाही. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना अंगावर किडे फिरल्याचे भास, ताप व भ्रम होतो. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात, आणि नेमका तोच वेळ उपचाराचा असतो. रुग्णालयात डायझेपामसारखी औषधे मोजून देतात, तसेच थायमिन, म्हणजे ‘ब-1’ जीवनसत्त्व, टोचतात. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला इजा होऊ शकते.

घरी उपचार होतच नाहीत असे नव्हे. पूर्वी फिट वा भ्रम झालेला नसेल, अन्य गंभीर आजार नसेल, सोबत न पिणारे जबाबदार माणूस असेल आणि डॉक्टर रोज तपासणार असतील, तर सौम्य त्रासात ते शक्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दवाखाना दूर असेल, तर मात्र जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात आधीच दाखल होणे बरे. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.