ऑप्शन आणि डीएफए: पिचर खाली गेला की हातचा गेला?

अमेरिकन बेसबॉलमध्ये ‘अमुक पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) ऑप्शन केलं’ आणि ‘तमुक पिचरला डीएफए केलं’ या बातम्या रोजच्या. आपल्याकडे नव्याने खेळ बघणारे दोन्हींचा अर्थ ‘संघातून काढलं’ असाच घेतात. खरं तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च स्तरावरच्या, प्रत्येक संघाच्या दोन याद्या असतात. एक २६ जणांची, मैदानात उतरणाऱ्यांची. दुसरी ४० जणांची, संघाच्या हक्काची. ऑप्शनवर गेलेला पिचर मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, खेळतो, पण ४० जणांच्या यादीत त्याचं नाव कायम असतं. दुसऱ्या संघाला त्याला परस्पर उचलता येत नाही. डीएफए, म्हणजे ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’ झालं, की नाव त्या यादीतूनच जातं. मग सात दिवसांत संघाने त्याला ट्रेड करायचं (दुसऱ्या संघाला अदलाबदलीत द्यायचं), वेव्हर्सवर ठेवायचं (इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगू द्यायचा), नाहीतर सरळ मोकळं करायचं.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा येतात, हे पिचर एडविन जॅक्सनकडे बघितलं की कळतं. ९ सप्टेंबर २००३ ला, आपल्या विसाव्या वाढदिवशी, त्याने डॉजर्सकडून पदार्पण केलं आणि समोर दिग्गज पिचर रँडी जॉन्सन असताना सामना जिंकला. तरी पुढची दोन वर्षं त्याची लॉस एंजेलिस आणि मायनर लीगमधलं लास व्हेगास यांच्यात ये-जा चालली. हा ऑप्शनचा काळ. ऐकायला ऑप्शन सौम्य वाटतो, पण मला तोच जास्त जाचक वाटतो, कारण तरुण पिचरला नाही म्हणायची सोय नसते.

ही मुभा संघाला सहसा तीनच हंगामांपुरती मिळते. शिवाय मेजर लीगमध्ये पाच वर्षांची सेवा झाली, की खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला खाली पाठवता येत नाही. म्हणून गावोगाव फिरणाऱ्या अनुभवी पिचरच्या नशिबी बहुधा डीएफएच येतं.

जॅक्सनचं २०१५ मध्ये तेच झालं. कब्जबरोबर चार वर्षांचा, ५ कोटी २० लाख डॉलरचा करार असताना जुलैत त्यांनी त्याला डीएफए केलं, मग मोकळं केलं. ऑगस्टमध्ये ब्रेव्ह्जने घेतलं. कराराचे पैसे कब्जनाच द्यावे लागले, ब्रेव्ह्जना फक्त किमान पगाराचा वाटा. असा पिचर नव्या संघाला जवळजवळ फुकट मिळतो, आणि म्हणूनच त्याच्यासाठी पुढचं दार उघडतं.

प्रत्येक बदली मात्र डीएफएमुळे होत नाही, हेही ध्यानात ठेवा. २५ जून २०१० ला जॅक्सनने डायमंडबॅक्सकडून नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही: १४९ चेंडू, आठ वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस), त्यातले सात पहिल्या तीन इनिंग्जमध्येच. मला हा सामना फार प्रिय आहे. इतकी धडपड करून कुणी नो-हिटर पुरा केल्याचं क्वचितच दिसतं. पाच आठवड्यांत त्याला व्हाइट सॉक्सकडे ट्रेड केलं.

मे २०१९ मध्ये ब्लू जेज हा त्याचा चौदावा संघ ठरला. सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा तो विक्रम होता. जुलै २०२५ मध्ये पिचर रिच हिलने रॉयल्सकडून खेळून त्याची बरोबरी केली. दोन सामने झाले आणि रॉयल्सने त्याला डीएफए केलं. पंचेचाळिशीतल्या हिलच्या बाबतीत ऑप्शनचा प्रश्नच नव्हता.