खाली सीलंट, वर वॅक्स : गाडीच्या रंगावरच्या लेपांची पार्श्वभूमी

दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, हळदीची बोटं ओढायची, झेंडूचा हार घालायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हातभर पुढे घ्यायची. मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी सकाळपासून हेच चाललेलं असतं. पंचाईत होते ती दुसऱ्या दिवशी. पांढऱ्या गाडीवरची हळद धुतली तरी पिवळी सावली मागे ठेवते. आमच्या गाडीवर ती दिवाळीपर्यंत होती. शेजारच्या काकांची गाडीही पांढरीच, पण त्यांची हळद ओल्या फडक्यानं एका हातात निघाली. विचारलं तर म्हणाले, "अरे, खाली सीलंट आहे, वर वॅक्स. हळद बसली ती मेणावर. रंगापर्यंत पोचलीच नाही."

'खाली सीलंट, वर वॅक्स' हे गाडीची हौस असलेल्या लोकांच्या तोंडी कायम असतं. क्रम मात्र जरा उलटा वाटतो. मेण शंभर वर्षांपेक्षा जुनं, सीलंट, म्हणजे रंगाला धरून बसणारा कृत्रिम लेप, त्या मानानं कालचं. मग जुनं वर आणि नवं खाली, असं का? हे कळायला लेपांच्या डब्यांआधी गाड्यांचा रंग बघावा लागतो. रंग बदलत गेला आणि लेप त्याच्या मागून आले.

एकोणिसावं शतक सरताना मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर रंग होता तो घोडागाडीचाच. जवसाचं तेल, राळ आणि रंगद्रव्य यांचं व्हार्निश ब्रशनं लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. एका गाडीला यात आठवडे जात. अशा अंगाला जे पॉलिश चाले ते लाकडी कपाटालाही चाले. गाड्यांच्या पॉलिशमधलं आजचं मोठं नाव असलेलं मॅग्वायर्स अमेरिकेतल्या इंडियानात १९०१ मध्ये सुरू झालं, ते फर्निचर पॉलिश बनवण्यापासून. १९१० मध्ये आलेल्या सिमोनाइझनं खास मोटारीसाठी म्हणून मेण विकलं आणि इतकं विकलं की इंग्रजीत त्या नावाचं क्रियापद झालं.

खरा फरक पडला तो १९२३-२४ मध्ये. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्सनं मिळून ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला आणि जनरल मोटर्सच्याच १९२४ च्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या रंगात बाजारात आल्या. गनने फवारायचा, तासाभरात सुकायचा. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं आणि हवे ते रंग परवडू लागले. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये आपल्या शिवडीला जोडणी कारखाना काढला, तोवर कंपनीत हा रंग रुळला होता. त्याचं नाव मुंबईतून अजून गेलेलं नाही. आजही सुतार कपाटाचं माप घेताना विचारतो, "लॅमिनेट की ड्युको?" गॅरेजमध्येही एनसी पुट्टी आणि एनसी थिनर हे शब्द रोजचे. त्यातलं एनसी म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज.

पण या रंगाला एक खोड होती. गनमधून तो निस्तेज उतरायचा. चमक आणायची तर घासावं लागायचं. आणि उन्हात वरचा पापुद्रा जळून खडूसारखा व्हायचा. म्हणजे गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला दर काही महिन्यांनी तो पापुद्रा काढायचा आणि खालचा ताजा रंग झाकायचा, हे काम आपसूक लागलं. मेणाचा धंदा फोफावला तो या खोडीवर. शिकागोच्या बेन हर्शनं चाळिशीच्या दशकात घरच्या बाथटबमध्ये घोटलेलं प्लास्टोन नावाचं द्रव पॉलिश पुढे टर्टल वॅक्स झालं. नाव सुचलं ते विस्कॉन्सिनमधल्या टर्टल क्रीक या ओढ्यावरून.

डब्यातलं मुख्य मेण कार्नोबाचं. ब्राझीलच्या ईशान्येला सिएरा, पियावी या कोरड्या प्रांतांत हा पंख्यासारख्या पानांचा माड वाढतो. पानातलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. पानं तोडून वाळवतात, झोडपून पूड काढतात आणि वितळवून गाळतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. भर मे महिन्यात उघड्यावर उभ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा, या वीस अंशांची किंमत कळेल. मात्र शुद्ध कार्नोबा दगडासारखा कडक असतो, हातानं तो पसरणारच नाही. म्हणून त्यात तेल, मऊ मेणं आणि पेट्रोलियमचे द्रावक घालावे लागतात. डब्यावर 'शंभर टक्के कार्नोबा' लिहिलेलं असेल तर ते फार तर मेणाच्या वाट्याबद्दल आहे, डब्यातल्या मालाबद्दल नाही. एवढं तरी स्पष्ट छापायला हरकत नव्हती.

मेण कसं लावायचं हे बघायला गाड्या चकाचक करून देणाऱ्या डिटेलिंग स्टुडिओची गरज नाही. स्टेशनबाहेरच्या बूटपॉलिशवाल्याकडे उभं राहा. बुटाच्या पॉलिशमध्येही अनेकदा हाच कार्नोबा असतो. तो आधी धूळ झटकतो, बोटभर पॉलिश सगळीकडे पातळ पसरवतो, बूट बाजूला ठेवून दुसरा घेतो, मग ब्रश, मग कापड. जाड थर तो कधीच देत नाही, कारण जाड थर चमकत नाही, नुसता चिकटतो. गाडीवर नेमकी याच्या उलट चूक होते. डबा महाग आहे म्हणून भरपूर लावलं, की पुसताना खांदे भरून येतात आणि लावलेलं सगळं फडक्यात येतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबईची गाडी म्हणजे कुर्ल्याची गाडी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं आधी डॉज-प्लिमथ जोडल्या आणि पन्नाशीच्या दशकापासून फियाट. आयात जवळजवळ बंद, नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षं वाट बघायची, त्यामुळे आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं घरात राहायची. आमच्याकडेही होती. दिवाळीच्या आधी ती डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे 'रबिंगला' जायची. रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक खर असलेली पेस्ट. फडक्यावर घेऊन जोर लावायचा. फडकं गाडीच्याच रंगाचं व्हायचं आणि सगळे खूश व्हायचे, की बघा किती मळ निघाला. तो मळ नव्हता, रंग होता. दहा-बारा दिवाळ्या झाल्यावर बॉनेटच्या कडेला रंगाखालचा प्रायमर डोकावू लागला, तेव्हा वडिलांच्या लक्षात आलं. कंपाउंडनंतर वर मेण ओढलं असतं तर दर वर्षी घासायची वेळ आली नसती. पण मेणाचे पैसे वेगळे आणि ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा राहूनच जायचं.

तिकडे दरम्यान सिलिकॉन आलं होतं. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी मुळी सिलिकॉनसाठीच स्थापन झाली आणि युद्ध संपल्यावर ते तेल पॉलिशमध्ये शिरलं. मेण पसरायला आणि पुसायला एकदम सोपं झालं. पेंटर मात्र वैतागले, कारण पृष्ठभागावर सिलिकॉनचा अंश राहिला की नव्या रंगाला गोल खळगे पडतात. त्यांच्या भाषेत 'फिश आय'. आजही जुने पेंटर पॉलिश मारलेली गाडी रंगवायच्या आधी थिनरनं दोनदा पुसतात, ते याच धास्तीनं. पुढे अमिनो गट जोडलेली सिलिकॉनं आली. ती नुसती पडून राहत नाहीत. पृष्ठभागाला धरतात, हवेतल्या ओलाव्यानं आपसांत जुळतात आणि साबणाच्या पाण्याला सहज दाद देत नाहीत. पॉलिमर सीलंट म्हणतात ते हेच आणि याचे भाऊबंद. मेण मुंबईच्या पावसात काही आठवड्यांत उतरतं, चांगलं सीलंट चार-सहा महिने टिकतं. अट एकच. सुकून जुळायला त्याला वेळ हवा, बहुतेकांना बारा ते चोवीस तास, आणि तोवर पाण्याचा थेंब नको.

ऐंशीच्या दशकात रंगाची रचनाच बदलली. रंगाचा थर वेगळा आणि त्यावर बिनरंगाचा क्लिअर कोट वेगळा. आपल्याकडे मेटॅलिक रंगांबरोबर हे नव्वदीत पसरलं. त्याआधीच्या साध्या रंगाच्या लाल मारुती आठ-दहा वर्षांत गुलाबी पडलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना फरक सांगायला नको. क्लिअर कोट आल्यावर फडकं पांढरंच राहू लागलं. लोकांना वाटलं, आता काहीच झिजत नाही. झिजतं, फक्त दिसत नाही. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. रबिंगची सवय मात्र तशीच राहिली.

क्रमाचा उलगडा इथे होतो. जुना लॅकर तेल शोषायचा, पॉलिशनं त्याचा रंग खुलायचा, त्याला 'खाऊ घालणं' हा शब्द शोभायचा. क्लिअर कोट काही पीत नाही. त्याच्यावर लेप नुसता बसतो, आणि बसायला सीलंटला उघडी, तेलकटपणा नसलेली जागा लागते. मेणावर लावलं तर ते मेणाला धरतं आणि मेणाबरोबरच निघून जातं. मेणाला असा काही हट्ट नाही. खाली काय आहे याची ते पर्वा करत नाही. म्हणून टिकाऊ ते खाली आणि वर मेण. मेणाची जाणारी चमकही हौशी लोकांना सोडवत नव्हती. सीलंटची चमक काचेसारखी कोरडी, मेणाची ओलसर, गडद रंगाला खोली देणारी. काळ्या आणि मरून गाड्यांवर हा फरक मलाही दिसतो. पांढऱ्यावर दिसतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

काकांच्या हळदीचं गणितही हेच. हळद, कावळ्याची शीट, झाडाचा चीक, आधी मार खातं ते वरचं मेण. ते गेलं तर पुन्हा लावायला अर्धा तास.

थर किती द्यावेत याबद्दल मात्र बऱ्याच बाता चालतात. सहा थर, आठ थर. एका थराची जाडी मायक्रॉनच्या अंशात असते, आणि मेणातला द्रावक खालचं ताजं मेण विरघळवून सोबत घेऊन जातो. दुसरा थर पहिल्यात राहिलेल्या फटी भरतो, तेवढा उपयोगाचा. तिसऱ्यापासून पुढे हौस.

लेपाआधीची सफाई मुंबईत जास्त महत्त्वाची. लोकलच्या रुळांलगत राहणाऱ्यांच्या गाड्यांवर ब्रेकच्या लोखंडाचा बारीक चुरा येऊन रुततो आणि पावसात त्याचे तांबूस ठिपके होतात. बांधकामांची सिमेंटची धूळ ओली झाली की रंग पोखरते. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावली तर वरून चिकट थेंब पडतात. शहरातले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळवणाऱ्या पिठ्या ढेकणाचाही हा प्रसाद असतो. हे सगळं साबणानं निघत नाही. त्यासाठीची क्ले, म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखी घासणारी माती, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आली. पाणी मारून गोळा फिरवायचा. बोटांना लागणारी खरखर गेली की थांबायचं.

मग शोरूमवाल्यांचं 'टेफ्लॉन कोटिंग'. टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अपघातानं सापडलं. ते वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते बसवतात ते भट्टीत तापवून. गाडी भट्टीत घालत नाहीत, तेव्हा त्या बाटलीत जे काही काम करतं ते मेण आणि सिलिकॉनच. मीही एका शोरूममध्ये नवी गाडी घेताना यासाठी पैसे मोजले आहेत. कार्ड मिळालं, वॉरंटीचा शिक्का मिळाला. पहिल्या पावसाळ्याआधीच पाण्याचे मणी व्हायचे थांबले.

सिरॅमिक कोटिंग त्यापेक्षा प्रामाणिक वस्तू आहे. सिलिकाचं जाळं क्लिअर कोटवर कडक होतं आणि वर्ष-दोन वर्षं टिकतं. फक्त बाटलीवर लिहिलेला ९एच कडकपणा म्हणजे हिऱ्याच्या जवळपास, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे. आणि गंमत बघा, त्यावरही लोक सवयीनं मेण ओढतात. सिरॅमिकची पाणी झटकण्याची ताकद त्या मेणाखाली झाकली जाते. जिथे रंगच शोषत नव्हता, तिथे सिरॅमिक काय शोषणार?

काका सिरॅमिकच्या वाटेला गेलेले नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सावलीत गाडी धुऊन, क्ले फिरवून ते सीलंट लावतात, कारण जूनच्या दमट हवेत लेप सुकता सुकत नाही. धुवायला नळाचं पाणी. सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी अंगावर वाळलं तर क्षारांचे गोल डाग पडतात. मेण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यांची खरी लढाई असते मधल्या पहाटेची. पाच वाजता गाड्या पुसणारा येतो, एक बादली, एक फडकं आणि पंधरा गाड्या. बाराव्या गाडीपर्यंत त्या बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं, आणि काकांची गाडी तेरावी.

यंदा त्यांनी त्याला आदल्या रात्रीच गाठलं. "उद्या माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"मग पैसे कापणार का, काका?"

"कापत नाही. पन्नास जास्त घे. पण लांबून जा."