पूर्वलक्षी व्यत्यय (रिट्रोअॅक्टिव्ह इंटरफेरन्स)

नवीन काही शिकलं की त्याच्यासारखंच जुनं आठवायला जड जातं, त्याला पूर्वलक्षी व्यत्यय म्हणतात. जुनंच नव्याच्या आड आलं तर तो अग्रलक्षी. कोकणातल्या भजनी मंडळांत हे नेहमी दिसतं, अभंग तोच पण बुवांनी नवी चाल बसवली की जुन्या चालीत सुरुवात करूनही पुढच्या ओळीला गळा नवीकडे वळतो. कोकण रेल्वेच्या पावसाळी टाइमटेबलचंही तसंच, गाडी तीच, टायमिंग वेगळं. प्रयोगातही साधारण अशीच मांडणी असते: शब्द तोच, त्याची जोडी आधी एक, मग दुसरी.

शोधाचं श्रेय बहुतेक करून जर्मनीतल्या म्युलर आणि पिल्झेकर या मानसशास्त्रज्ञांना देतात, ग्रंथ १९०० चा, प्रयोग अर्थात त्याआधीचे. त्यांच्या मते शिकून झाल्यावरही आठवण काही वेळ पक्की होत असते आणि तेवढ्यात दुसरं कुठलंही डोक्याचं काम आलं की ती कच्ची राहते. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांना दिसलं की पाठांतरानंतर झोपलेले जागं राहणाऱ्यांपेक्षा कमी विसरतात, पण यात झोपेने आठवण पक्की झाली की नुसती नव्या गोष्टींची गर्दी टळली हे त्यावरून सुटत नाही, आणि खरा वाद इथेच आहे. १९३१ मध्ये मॅकगिओक आणि मॅकडॉनल्ड यांनी विशेषणांची यादी पाठ करून घेतली, मधे समानार्थी शब्द शिकवले तेव्हा विसर सर्वात जास्त. म्हणजे साम्य महत्त्वाचं, कुठलंही काम नव्हे. मग जुनं पुसलं जातं का? १९४० मध्ये मेल्टन आणि अर्विन यांनी निदान काही भाग तरी पुसला जातो असं मांडलं, पण १९७१ मध्ये टल्विंग आणि प्सॉटका यांनी शब्दांच्या गटांची नावं सांगून आठवायला लावलं तेव्हा हरवलेले बरेचसे शब्द परत आले. त्यामुळे आठवण आत असते, वाट अडते, हे मत जास्त पटतं. २००४ च्या सुमारास विक्स्टेडने पक्कं होण्याची बाजू पुन्हा जोरात मांडली, तीही सोडून देता येत नाही.

कॉम्प्युटरमधल्या न्यूरल नेटवर्कमध्ये (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्राममध्ये) हाच प्रकार फार तीव्र असतो, १९८९ मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी दाखवलं की नव्या बेरजा शिकवल्यावर नेटवर्क जुन्या जवळपास सगळ्या विसरतं. जुनी उदाहरणं नव्यात मिसळून शिकवली की हे बरंच कमी होतं.