दोनने गुणलं, मग दुप्पट का नाही झालं?

अपूर्णांक नुकतेच शिकायला लागलेल्या एका मुलीने मला हे विचारलं होतं. तिच्या वहीत २/३ = ४/६ असं लिहिलेलं होतं आणि शेजारी रीत होती: अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणावं. ती म्हणाली, "वर दोनने गुणलं, खालीही दोनने गुणलं. म्हणजे दोनदा वाढवलं ना? मग दोन्ही सारखे कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सममूल्य अपूर्णांकांचा सगळा धडा या प्रश्नात आहे, आणि नेमका तोच बाजूला ठेवून आपण मुलांकडून रिकाम्या चौकटी भरून घेतो.

मी एक कोरा आयताकृती कागद घेतला. उभ्या घड्या घालून त्याचे तीन सारखे भाग केले आणि दोन भाग तिच्याकडून रंगवून घेतले. हे झाले २/३. मग तोच कागद आडवा, मधोमध दुमडून उघडला. आता भाग किती? सहा. रंगवलेले किती? चार. तिने बोट ठेवून मोजले. "रंग वाढला का?" असं विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "रंगाला तर आपण हातच लावला नाही."

घडीमुळे तुकड्यांची संख्या दुप्पट झाली, पण प्रत्येक तुकडा निम्मा झाला. छेद सांगतो तुकडा केवढा, अंश सांगतो असे तुकडे किती. छेद दुप्पट होणं म्हणजे वाढ नव्हे, तुकडा बारीक होणं. तुकडे जितक्या पटीने बारीक झाले तितक्याच पटीने जास्त घेतले, की आपल्याकडे आधी जेवढं होतं तेवढंच राहतं. हेच आकड्यांत सांगायचं तर आपण २/३ ला दोनने गुणलेलंच नाही. आपण गुणलं २/२ ने, आणि २/२ म्हणजे १.

बोलताना आपण हे रोज करतो. पंचेचाळीस मिनिटांना 'पाऊण तास' म्हणतो तेव्हा ४५/६० चं ३/४ केलेलं असतं. अंश-छेदाला १५ ने भाग दिलाय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. गुणून चालतं तसं भागूनही चालतं. कागदावर त्याचा अर्थ एवढाच, की काही घड्या पुसून टाकल्या.

मग मुलं पुढची उडी मारतात: गुणून चालतं, भागून चालतं, तर मिळवून का चालणार नाही? १/२ मध्ये वर-खाली एकेक मिळवला की २/३ होतात. अर्धा कागद आणि दोन तृतीयांश कागद सारखे नाहीत हे डोळ्यांना दिसतं, पण असं का होतं? चौकटींच्या कागदावर हे छान दिसतं. छेद आडव्या रेषेवर मोजा, अंश उभ्या रेषेवर, आणि १/२, २/४, ३/६, ४/८ यांचे बिंदू मांडा. दोन घरं उजवीकडे, एक घर वर. पुन्हा दोन उजवीकडे, एक वर. सगळे बिंदू कोपऱ्यातल्या शून्यातून निघालेल्या एकाच सरळ रेषेवर बसतात. २/३ चे सममूल्य अपूर्णांक मांडले तर त्यांचीही अशीच रेषा मिळते, फक्त अधिक चढी. आता १/२ च्या बिंदूपासून एक घर उजवीकडे आणि एक घर वर सरका. रेषा सुटली! वर-खाली एकेक मिळवत गेलो तर १/२, २/३, ३/४, ४/५ असे आपण एका रेषेवरून दुसरीवर चढत राहतो आणि १ च्या जवळ जवळ जातो. माझ्या मते ही आकृती प्रत्येक वर्गात एकदा तरी काढायला हवी. नियम पाठ करण्यापेक्षा चुकलेला बिंदू रेषेबाहेर पडताना बघणं जास्त दिवस लक्षात राहतं.

आता जरा अवघड जोडी घेऊ: ६/९ आणि १०/१५. ९ ला कुठल्याही पूर्ण संख्येने गुणून १५ मिळत नाहीत, म्हणून पुष्कळ मुलं हे अपूर्णांक सममूल्य नाहीत असं ठरवून मोकळी होतात. पण पहिल्याला ३ ने भागा, दुसऱ्याला ५ ने. दोन्हीकडे २/३ येतात. अपूर्णांकांच्या प्रत्येक कुळात एक मूळपुरुष असतो. त्याचे अंश आणि छेद सहमूळ असतात, म्हणजे १ सोडून दुसऱ्या कुठल्याच संख्येने दोघांनाही भाग जात नाही. कुळातले बाकी सगळे त्याला २, ३, ४, ५... ने गुणून आलेले असतात. दोन भावंडांचं नातं थेट जुळत नसेल तर मूळपुरुषापर्यंत जायचं आणि तिथून खाली यायचं.

तिरकस गुणाकाराची रीत बहुतेकांना पाठ असते: ६ × १५ = ९० आणि १० × ९ = ९०, म्हणून सममूल्य. ती चालते, कारण दोन्ही अपूर्णांकांचा छेद ९ × १५ म्हणजे १३५ केला तर दोन्ही ९०/१३५ होतात. तुकडे एकाच मापाचे झाले की फक्त किती आहेत ते पाहायचं.

तुकडे एका मापाचे करण्याला आपण आजही 'समच्छेद करणे' म्हणतो. ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी याची रीत दिली आहे: एकमेकांच्या छेदाने अंश आणि छेद गुणावेत. लगेच त्यांनी सोपी वाटही सांगितली आहे, की छेदांना आधी सामाईक विभाजकाने भागून घ्यावं आणि आलेल्या लहान संख्यांनी गुणावं. ५/१२ मोठा की ७/१८? सरळ गुणलं तर छेद २१६ होतो. १२ आणि १८ यांना ६ ने भागलं तर २ आणि ३ उरतात. मग पहिल्याला ३ ने गुणून १५/३६, दुसऱ्याला २ ने गुणून १४/३६. ५/१२ मोठा, तोही फक्त १/३६ ने.

मूळपुरुष शोधताना कधी कधी संख्या दाद देत नाहीत. ९१/१४३ घ्या. २, ३, ५ ने भाग जात नाही, म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. अशा वेळी मोठ्या संख्येतून लहान वजा करत राहायचं: १४३ − ९१ = ५२, ९१ − ५२ = ३९, ५२ − ३९ = १३. ३९ ला १३ ने पूर्ण भाग जातो, तेव्हा १३ हाच मसावि, म्हणजे दोघांनाही भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या. अपूर्णांक निघाला ७/११. ही युक्ती युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहून ठेवली आहे. ती पक्की आहे, कारण ज्या संख्येने दोघांनाही भाग जातो, तिने त्यांच्या वजाबाकीलाही भाग जातोच.

काटछाट करताना मात्र सावध राहावं लागतं. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडले तर १/४ उरतं, आणि उत्तर बरोबर आहे! २६/६५ मधले ६ खोडले तर २/५, तेही बरोबर. पण १३/३२ मधले ३ खोडले तर १/२ येतं, आणि ते साफ चूक आहे, कारण ३२ चा अर्धा १६. खोडायचा असतो दोन्हीकडचा गुणक. आकडा दोन्हीकडे सारखा दिसला म्हणून तो गुणक ठरत नाही. मुलाचं उत्तर बरोबर आलं तरी ते कसं आलं हे विचारलंच पाहिजे, ते यासाठी.

त्या मुलीने जाता जाता आणखी एक प्रश्न टाकला: १/३ आणि १/२ यांच्यामध्ये काही आहे का? आम्ही समच्छेद केले: २/६ आणि ३/६. "मध्ये काहीच नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, आणखी एक घडी घाल. ४/१२ आणि ६/१२ झाले आणि मध्ये ५/१२ उभा! मग तिने न सांगता पुन्हा दुप्पट केली: ८/२४ आणि १२/२४, मध्ये ९/२४, १०/२४, ११/२४. त्यातला १०/२४ पाहून ती हसली, "हा तर मघाचाच." मग ९/२४ ला ३ ने भागून ३/८ लिहिलं, ११/२४ ला कशानेच भाग जात नाही हे तपासलं, आणि पुढच्या ओळीत तिने छेद लिहिला ४८.