ब्लूग्रास मँडोलिनचा उजवा हात : एक पार्श्वभूमी

ब्लूग्रास हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं बँजो, फिडल आणि मँडोलिनचं वेगवान संगीत. त्यातल्या मँडोलिनच्या कुठल्याही शिकवणीत ‘पारंपरिक पद्धत’ हे शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडतात. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, असं धरायचं, मनगट असं सैल सोडायचं, चॉप, म्हणजे ठेक्याचा तुटक फटका, असा मारायचा. नवख्याला वाटतं, हे सगळं अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरांत दोनशे वर्षं चालत आलं असणार. प्रत्यक्षात ही परंपरा जेमतेम ऐंशी वर्षांची आहे आणि तिचा मोठा हिस्सा बिल मन्रो या एकाच मँडोलिनवादकाने घडवला आहे. डोंगराळ दक्षिणेत फिडल आणि बँजो खरोखर जुने. मँडोलिन तिथे उशिरा आलं, आणि तेही शहरातून.

वाद्य मूळचं इटलीतलं. आज ज्याला आपण मँडोलिन म्हणतो त्याची घडण अठराव्या शतकात नेपल्समध्ये पक्की झाली: पाठ भोपळ्यासारखी गोलाकार, तारांच्या चार जोड्या आणि व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई अशी जुळणी. १८८० साली स्पेनमधल्या वादकांचा एक ताफा अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. त्यांच्या हातात बांदुरिया हे वेगळंच वाद्य होतं, पण न्यूयॉर्कमधल्या इटालियन वादकांनी ती टूम उचलली आणि मँडोलिन घेऊन तसेच ताफे उभे केले. पुढची तीसेक वर्षं अमेरिकेत मँडोलिनची लाट होती. कॉलेजांत मँडोलिन क्लब, गावोगावी मँडोलिनचे वाद्यवृंद. टपालाने माल मागवायच्या कॅटलॉगांतून ते खेड्यांतही पोचलं.

मिशिगनमधल्या कॅलमझू गावी ऑरव्हिल गिब्सनने भोपळा काढून टाकला आणि व्हायोलिनसारखी लाकूड कोरून बनवलेली चपटी मँडोलिनं करायला सुरुवात केली. त्याला १८९८ मध्ये पेटंट मिळालं, १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली. कंपनीची विक्रीची युक्ती मोठी नामी होती: संगीतशिक्षकांनाच एजंट करायचं. शिक्षक वर्ग काढणार, विद्यार्थी वाद्यं घेणार, त्यांचाच पुढे वाद्यवृंद होणार. म्हणजे अमेरिकेत मँडोलिन शिकायची पहिली रूढ पद्धत कागदावरची होती. समोर स्वरलिपी आणि समोर शिक्षक. ब्लूग्रासवाले आज ‘कानाने शिका’ असा जो धोशा लावतात, तो वाद्याच्या अमेरिकन इतिहासातला दुसरा अध्याय आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ही लाट ओसरू लागली; जॅझच्या जमान्यात बँजोपुढे मँडोलिनचा आवाज कोण ऐकतो? नेमक्या त्याच पडत्या काळात, १९२२ मध्ये, गिब्सन कंपनीने लॉइड लोअर या आपल्या माणसाच्या देखरेखीखाली एफ-५ हे मॉडेल बाजारात आणलं. व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं, आत दोन लांबट पट्ट्या, लांब मान. आवाज कोरडा, चटकन उसळणारा आणि लांबवर जाणारा. ते बनवलं होतं मैफली वाजवणाऱ्या सुटाबुटातल्या वादकांसाठी, पण तेच गिऱ्हाईक उरलं नव्हतं. १९२४ अखेर लोअर कंपनीतून बाहेर पडला. त्याच्या सहीची मँडोलिनं थोडी विकली गेली आणि बरीचशी कोनाड्यात पडून राहिली.

बिल मन्रोचा जन्म १९११ चा, केंटकीत रोझीन या गावाजवळ. आठ भावंडांतलं शेंडेफळ. थोरल्या बर्चने फिडल घेतलं, चार्लीने गिटार. धाकट्याच्या वाट्याला उरलं ते मँडोलिन, आणि तेही आवाज फार होऊ नये म्हणून आठाऐवजी चारच तारा लावून. ज्याच्या हाताचा दणका पुढे सगळ्या वादकांनी मानदंड मानला त्याची सुरुवात अशी दबक्या आवाजात झाली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं प्रकरण वाटतं.

आई तो दहा वर्षांचा असताना गेली, वडील सोळाव्या वर्षी. मग तो काही काळ मामाकडे, पेंडल्टन व्हँडिव्हरकडे राहिला. मामा गावोगावच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि भाचा साथीला बसायचा. फिडलच्या गजाचे झोक, एका ओढीत दोन-तीन स्वर बांधून पुढचा झटक्याने सोडायची लकब, हे बिलने पिकवर आणलं ते इथून. त्याच भागात अर्नोल्ड शुल्ट्झ नावाचा कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक होता. कोळशाच्या खाणीत काम करायचा आणि रात्री नाचांना वाजवायचा. पोरसवदा मन्रो त्याच्याबरोबरही वाजवत असे. मन्रोच्या वादनात स्वर किंचित खाली ओढून धरणं, तालाच्या मागे रेंगाळणं असा जो ब्लूजचा अंश आहे, त्याचं श्रेय तो शुल्ट्झला देत असे. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. ‘पारंपरिक’ ब्लूग्रासचा एक मूळ झरा आपल्याला फक्त दुसऱ्याच्या हातातून ऐकता येतो.

पोटासाठी भावंडं इंडियानात गेली आणि बिल तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवायच्या कामाला लागला. पुढे बिल आणि चार्ली यांची जोडी जमली. १९३६ च्या फेब्रुवारीत शार्लट इथे त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि दोन वर्षांत साठ गाणी झाली. त्यात मँडोलिन सुसाट धावतं, गाण्याच्या ओळींमधली प्रत्येक फट भरून काढतं, पण ठेका धरायचं काम चार्लीच्या गिटारकडे आहे. चॉपचा पत्ता नाही. १९३८ मध्ये भाऊ वेगळे झाले. बिलने आपल्या राज्याच्या टोपणनावावरून ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच काढला आणि १९३९ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात जागा मिळवली.

इथे आपल्याकडच्या कानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मराठी माणसाला मँडोलिन म्हटलं की हिंदी चित्रपटगीतांतली थरथरणारी तार आठवते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादकच. एका स्वरावर पिक भरभर खालीवर फिरवून तो स्वर लांबवायचा, हा ट्रेमोलो इटलीचा वारसा आहे, कारण तार छेडली की आवाज लगेच विरतो. ब्लूग्रासमध्येही संथ गाण्यांत ट्रेमोलो लागतो. पण त्या शैलीचा कणा नेमका उलटा आहे. तिथे स्वर लांबवायचा नसतो, जन्मतःच मारायचा असतो.

या चॉपची गरज संचाच्या बांधणीतून आली. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक मन्रोकडे आला. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स आणि मँडोलिनवर स्वतः मन्रो. पाच जण, आणि ढोल-ड्रम काही नाही. स्क्रग्जच्या तीन बोटांतून स्वरांचा धबधबा सुरू झाला की त्याला बांध घालणारं कुणीतरी हवं. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडायचा. दुसरी आणि चौथी मन्रोने घेतली. ड्रमवाला स्नेअर या छोट्या ड्रमवर जे करतो ते त्याने आठ तारांवर केलं.

चॉप हातात कसा बसतो ते जवळून पाहू. जी कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा, रूढ चॉप असा: करंगळी सगळ्यात जाड जोडीवर सातव्या पडद्यावर, अनामिका पुढच्या जोडीवर पाचव्या पडद्यावर, तर्जनी तिसऱ्या जोडीवर दुसऱ्या पडद्यावर आणि मधलं बोट सगळ्यात बारीक जोडीवर तिसऱ्या पडद्यावर. पिकचा फटका जाड तारांवर, वरून खाली. फटका बसताक्षणी डाव्या हाताचा दाब सोडायचा, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. उचलली तर तारा गुणगुणत राहतात, दाब सोडायला उशीर केला तर आवाज लांबतो. दोन्ही साधलं की ऐकू येतो तो स्वर आणि टकोरा यांच्या मधला एक आवाज. पहिले काही आठवडे करंगळी ठणकते. सगळ्यांचीच ठणकते.

ही पकड इतकी अवघड का ठेवली? कारण तिच्यात एकही मोकळी तार नाही. मोकळी तार डाव्या हाताने दाबून बंद करता येत नाही, म्हणजे चॉप तुटक होणार नाही. शिवाय तीच पकड दोन पडदे वर सरकवली की ए कॉर्ड, चार पडदे वर की बी. मन्रोचा आवाज उंच होता, आणि फिडलवाले मोकळ्या तारांवर सुखाने जी, डी, ए या सुरांच्या पट्टीत वाजवत असताना त्याने गाणी बी आणि बी-फ्लॅटच्या पट्टीत नेऊन ठेवली. फिडलवाल्यांना ते जड गेलं. मँडोलिनवाल्याला सरकत्या पकडीमुळे काहीच फरक पडला नाही. गळ्याची गरज अशी बोटांच्या तंत्रात उतरली.

यात वाद्याचाही हात होता. १९४० च्या दशकात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात मन्रोला एक जुनं एफ-५ दिसलं आणि त्याने ते १५० डॉलरला घेतलं. लेबलवर लोअरची सही, तारीख ९ जुलै १९२३. मैफलीच्या वादकासाठी घडवलेला तो कोरडा, उसळता आवाज चॉपसाठी जणू मापून केलेला निघाला. पुढे दुरुस्तीवरून कंपनीशी बिनसलं तेव्हा मन्रोने वाद्याच्या माथ्यावरचं ‘गिब्सन’ हे नाव खरवडून काढलं, आणि कित्येक वर्षं ते तसंच वाजवलं. १९८५ मध्ये कुणीतरी घरात घुसून ते वाद्य फोडलं. कंपनीच्या कारागिरांनी ढलप्या जुळवून पुन्हा उभं केलं. या वाद्यामुळे एक अंधश्रद्धाही मागे राहिली. एफ-५ च्या खांद्यावरची ती कोरीव, सुंदर वळी आवाजासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. एफ-छिद्रांचं साधं ए-आकाराचं मँडोलिन तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतं. तरी नवशिका वळीच मागतो.

आता शिकण्याचा प्रश्न. मन्रोच्या संचातून पन्नासहून अधिक वर्षांत शंभरावर वादक येऊन गेले. फिडल, बँजो, गिटार शिकणाऱ्यांना तो संच म्हणजे फिरती शाळा होता. पण त्या शाळेत मँडोलिनची जागा कधीच रिकामी नव्हती. तिथे मास्तर स्वतः बसलेला. त्यामुळे ज्याला मन्रोचं मँडोलिन शिकायचं त्याला बाहेर राहूनच शिकावं लागलं: रेडिओवरून, तबकड्यांवरून, कार्यक्रमाच्या मागच्या दारी. माझ्या मते या शैलीत कानाला आणि नकलेला जे महत्त्व आलं त्याचं मूळ इथे आहे.

काहींनी बाहेर राहून दुसरीच वाट काढली. व्हर्जिनियाच्या जेसी मॅकरेनॉल्ड्सला स्क्रग्जचा बँजो इतका भावला की त्याने ते स्वरांचं चक्र एका पिकवर आणलं. तीन तारांवरून उड्या मारत आठ स्वर, तीन-तीन-दोन असे गट. याला क्रॉसपिकिंग म्हणतात. जोडीतली एकच तार दाबून दुसरी मोकळी वाजवायची करामतही त्याचीच. बॉबी ऑस्बॉर्न फिडलसारखा सलग वाहणारा हात घेऊन आला. फ्रँक वेकफिल्डने मन्रोची हुबेहूब नक्कल साधली, तेव्हा खुद्द मन्रोने त्याला ‘आता स्वतःचं काही शोध’ असं सुनावल्याची गोष्ट मँडोलिनवाले अजून सांगतात.

साठच्या दशकात शहरी पोरं या संगीताकडे वळली. राल्फ रिंझलर हा त्यातलाच एक, स्वतः मँडोलिन वाजवायचा. त्याने १९६३ मध्ये मन्रोवर लेख लिहून त्याला या शैलीचा जनक म्हणून नव्या श्रोत्यांपुढे आणलं. न्यू जर्सीचा मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन रिंझलरच्याच प्रभावाखाली वाढला. या पोरांचं गुरुकुल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. तेव्हाच्या पुष्कळ प्लेअरांवर मिनिटाला १६ फेऱ्यांचा वेग असायचा. ३३ ची तबकडी १६ वर लावली की गाणं बरोबर निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली वाजतं, म्हणजे वाद्य पुन्हा जुळवावं लागत नाही. अशा घोगऱ्या, संथ मन्रोमधून एकेक स्वर वेचला जाई. उजव्या हाताचा फटका खालचा की वरचा, हे मात्र तबकडी सांगत नाही. त्यासाठी माणूसच समोर हवा. १९६५ मध्ये व्हर्जिनियात फिनकॅसलला कार्लटन हेनीने अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला, १९६७ पासून मन्रोने इंडियानातल्या बीन ब्लॉसमला स्वतःचा सुरू केला, आणि ती अडचण बरीच सुटली. खरं शिक्षण मंचासमोर झालंच नाही. ते झालं गाड्या लावायच्या मैदानात, गोल करून वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात.

पुस्तकं आणि अभ्यासक्रम नंतरचे. जॅक टॉटलचं ब्लूग्रास मँडोलिनवरचं शिकवणीचं पुस्तक १९७५ चं. त्यानेच १९८२ मध्ये ईस्ट टेनेसी राज्य विद्यापीठात ब्लूग्रासचं शिक्षण सुरू केलं. तारा आणि पडद्यांचे आकडे मांडणारी टॅब पद्धत रुळली, आणि कागद पुन्हा शिकवणीत आला. टॅबमुळे डावा हात लवकर तयार होतो, उजवा तितकाच मागे राहतो. मन्रोच्या वादनातलं बरंचसं वजन ओळीने मारलेल्या खालच्या फटक्यांत आहे, आणि आकड्यांत ते दिसत नाही. दरम्यान मँडोलिनवादक सॅम बुशने १९७१ पासून ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या संचात चॉपला रॉकचा जोर दिला. आज बरेच जण जो चॉप मारतात तो मन्रोइतकाच बुशचाही आहे.

कान तयार करायचा असेल तर ऐकण्याचा क्रम उलगडत गेलेल्या इतिहासाचाच ठेवावा. आधी १९३६ ची मन्रो बंधूंची जोडी ऐकावी आणि मँडोलिन ठेका धरत नाही हे नीट लक्षात घ्यावं. मग १९४६-४७ ची शिकागोतली ध्वनिमुद्रणं लावून बँजोच्या मागे दुसरी आणि चौथी मात्रा शोधावी. शेवटी मन्रोचं १९५१ चं ‘रॉहाइड’. ते निम्म्या वेगाने ऐकलं तरी पहिल्या खेपेला हाती लागत नाही.