गौरवाआधी पगार, पेन्शन आणि रजा

मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात प्राध्यापकाची पत विद्यार्थ्यांच्या हातात होती. वर्गणी काढून त्याला पैसे देणारे तेच, म्हणून नियम करणारेही तेच. १३१७ च्या नियमावलीनुसार एका दिवसाच्या गैरहजेरीलाही परवानगी लागे, आणि गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागे. घंटेबरोबर शिकवायला सुरुवात करायची आणि पुढची घंटा झाली की मिनिटभरात थांबायचे. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर तो गैरहजर समजून दंड होई. पुढे शहराच्या तिजोरीतून पगार सुरू झाले आणि विद्यार्थ्यांची पकड सुटत गेली. पैसे कोण देतो, यावर शिक्षकाचा मान किती ठरतो हे तेव्हापासून दिसत आले आहे.

अभ्यासासाठी पगारी रजा ही १९व्या शतकाची देणगी. तिचा उगम संस्कृतच्या एका अभ्यासकापाशी आहे, हे फारसे सांगितले जात नाही. १८८० मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले संस्कृतचे अभ्यासक चार्ल्स लॅनमन हवे होते. त्यांना बोलावताना एलियट यांनी दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारावर रजा देऊ केली. सब्बॅटिकलची ही प्रथा तिथून इतर विद्यापीठांत पसरली. त्यातली मेख ‘अर्ध्या पगारात’ आहे. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याला अशी रजा कागदावर मिळते, पण घेता येत नाही.

पेन्शनचा धडा याहून महागात पडला. १९०५ मध्ये अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १ कोटी डॉलर देऊन महाविद्यालयीन शिक्षकांसाठी मोफत पेन्शनची संस्था काढली. लाभार्थी वाढले आणि हा निधी पुरणार नाही हे काही वर्षांतच कळले. म्हणून १९१८ मध्ये शिक्षक आणि संस्था दोघांनी वर्गणी भरायची अशी वेगळी विमा योजना उभी राहिली. कोणतीही सवलत जाहीर करण्याआधी ३० वर्षांनंतर तिचा खर्च किती होईल याचे गणित मांडावे लागते, हे तेव्हा कळले.

नोकरीच्या सुरक्षिततेची मागणी संघर्षातून आली. १९०० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांना त्यांनी मांडलेल्या मतांमुळे जावे लागले. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष. तिच्या १९४० च्या निवेदनाने उमेदवारीची, म्हणजे कायम होण्याआधीच्या नोकरीची, कमाल मुदत सात वर्षे धरली. त्यानंतर एक तर कायम करा, नाही तर मोकळे करा. १९९७ मध्ये युनेस्कोने उच्च शिक्षणातल्या अध्यापकांच्या दर्जाबाबत शिफारस स्वीकारली. ती मात्र सरकारांवर बंधनकारक नाही.

शिकवण्याचे मोजमाप त्याहून अवघड निघाले. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी विद्यार्थ्यांकडून शिक्षकांना गुण देण्याची मापनपट्टी तयार केली. अशी पट्टी शिक्षकाला सुधारायला उपयोगी पडते. तेच गुण बढतीसाठी वापरू लागले की शिक्षक अवघड विषय आणि कडक परीक्षा टाळायला लागतो. १९९० मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी संशोधनाबरोबर समन्वय, उपयोजन आणि अध्यापन यांनाही विद्वत्ता मानावे असे मांडले. निवड समित्यांनी मांडणी वाखाणली, पण बऱ्याच ठिकाणी मोजदाद शोधनिबंधांचीच राहिली.

या सगळ्यात अध्यापकेतर कर्मचारी कुठे आहेत? जवळजवळ कुठेच नाहीत. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, ग्रंथालयातला सहायक, परीक्षा विभागातला लिपिक यांच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये तंत्रज्ञांसाठी ‘टेक्निशियन कमिटमेंट’ ही संस्थांनी स्वीकारायची बांधिलकी सुरू झाली. तिचे चार मुद्दे: काम दिसणे, कदर होणे, बढतीचा मार्ग असणे आणि कौशल्य पुढे टिकणे.

‘दिसणे’ पहिले आहे ते योग्यच. कर्मचाऱ्यांच्या गौरवासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या अर्जात ‘नावीन्यपूर्ण योगदान’ असा रकाना असतो. उणे ८० अंशांचा फ्रीझर वर्षभर एकदाही बंद पडू न देणाऱ्या तंत्रज्ञाने तिथे काय लिहावे? त्याचे काम चोख झाले की सांगण्यासारखे काही घडतच नाही. म्हणून अर्जात वेगळे प्रश्न हवेत: हे काम कोणते, किती वेळा करावे लागते, आणि ते थांबले तर कोणाचे काय अडेल? अर्ज एका पानाचा असावा, आणि त्या कामावर ज्यांचे रोजचे काम चालते अशा दोघांनी तो भरावा. विभागप्रमुखाच्या शिफारशीवरच सगळे सोडले, तर त्यांच्या नजरेसमोर बसणारेच पुढे येतात आणि रात्रपाळीचे मागे राहतात. निवड समितीत किमान दोन कर्मचारी असावेत. पात्रतेसाठी ‘सलग सेवा’ मागण्याऐवजी ‘एकूण सेवा’ धरावी. नाही तर ज्यांच्या करारात दर वर्षी खंड पडतो, ते अर्ज करण्याआधीच बाद होतात.