हवा नसली तरी तोफ उडते

नागपुरातल्या सायन्स फिक्शन वाचणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतंय, की अंतराळात ऑक्सिजन नाही म्हणून तोफ उडूच शकत नाही, त्यामुळे कथांमध्ये अंतराळ जहाजावरच्या मरीन्सना, म्हणजे जहाजावरच्या सैनिकांना, तोफखाना शिकवणं ही लेखकाची चूक. तसं वाटणं साहजिक आहे, मेणबत्ती झाकली की विझते हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

पण बारूदीचं तसं नाही. काळ्या बारूदीत साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट) असतो आणि ऑक्सिजन तोच पुरवतो, आताच्या बारूदीतल्या नायट्रोसेल्युलोजमध्ये तर तो रेणूतच असतो. काडतूस पाहा ना, सगळीकडून बंद, बाहेरची हवा आत जायला जागाच नाही, तरी उडतंच. आणि 1975 मध्ये सोव्हिएत सॅल्यूत-3 अंतराळ स्थानकावरची तोफ खरोखर कक्षेत चालवून पाहिली होती, आत माणसं नसताना.

ट्रेनिंग लागतं ते धक्क्यासाठी. 10 किलोचा गोळा सेकंदाला 500 मीटर वेगाने सोडला तर 1 लाख किलोचं जहाज सेकंदाला 5 सेंटीमीटरने मागे जातं, गॅसचा धक्का अजून वेगळा, नववीच्या पुस्तकातला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत लावून स्वतः गणित करून पाहा. नळी मध्यापासून बाजूला असली तर जहाज गरगर फिरायला पण लागतं, हे कथांमध्ये फार कमी येतं आणि यायला पाहिजे. शिवाय नळीची उष्णता न्यायला हवा नाही, ती फक्त प्रारणाने हळूहळू जाते. चंद्रावर उतरले तर गुरुत्व सहावा हिस्सा, हवेचा अडथळा नाहीच, म्हणजे पृथ्वीवरचे रेंज टेबल (नळी किती उचलली तर गोळा किती लांब जातो याचे तक्ते) तिथे चालणार नाहीत, तोफचीला सगळं नव्याने शिकावं लागेल.